गॅस उपकरणांतील वीज : एक दुर्लक्षित चाचणी

छत्रपती संभाजीनगर शहराच्या जुन्या भागात पैठण दरवाजाकडून टिळक पथाने गुलमंडीकडे येऊ लागले की, दोन्ही बाजूंस दुकानांच्या रांगा लागतात. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या नगराचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाऊ लागले. नावे बदलली, तरी जुन्या वस्तीची ठेवण फारशी बदललेली नाही. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, एकाला एक लागून असलेल्या भिंती, अरुंद जिने आणि त्याहून अरुंद बोळ अशी ही ठेवण आहे. अशा दाट वस्तीत एका स्वयंपाकघरातील धोका हा त्या एकाच घराचा राहत नाही. म्हणूनच घरगुती गॅस उपकरणांची विद्युत-सुरक्षा हा वरवर पाहता किरकोळ वाटणारा विषय गुलमंडीसारख्या भागाच्या संदर्भात समजून घेण्याजोगा आहे.

गॅसच्या शेगडीचा आणि विजेचा संबंध काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडेल. मुंबईत १९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने सिलिंडरमधून स्वयंपाकाचा गॅस घरोघरी देण्यास प्रारंभ केला, त्या काळी शेगडी काडेपेटीने पेटविली जात असे आणि हा प्रश्न उद्भवतच नव्हता. आता मात्र परिस्थिती बदलली आहे. बटण फिरविताच पेटणारी शेगडी, पाण्याचा नळ सोडताच सुरू होणारा गॅस गिझर, आत दिवा व पंखा असलेली गॅस भट्टी ही उपकरणे मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसतात. या सर्वांत ज्वाला गॅसची असली, तरी ती पेटविण्याचे, तिच्यावर नजर ठेवण्याचे आणि प्रसंगी गॅस बंद करण्याचे काम वीज करते.

विजेचे तीन प्रकार

या उपकरणांत वीज तीन मार्गांनी येते आणि प्रत्येक मार्गाचा धोका वेगळा असतो.

पहिला मार्ग दाब-विद्युतेचा होय. काही स्फटिकांवर आघात केला असता त्यांच्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. हातातील साधा लायटर याच तत्त्वावर चालतो. त्यात हजारो व्होल्टची ठिणगी पडते. परंतु ती क्षणिक असते व तिच्यातील ऊर्जा अत्यल्प असते. त्यामुळे माणसाला क्वचित बारीकसा चटका बसतो, त्याहून अधिक काही होत नाही.

दुसरा मार्ग बॅटरीचा. बहुतेक घरगुती गॅस गिझरमध्ये दीड व्होल्टचे दोन सेल असतात. नळ सोडताच पाण्याच्या दाबाने आतील एक लहान कळ दाबली जाते, ठिणगी पाडणारे मंडल कार्यान्वित होते आणि त्याच वेळी गॅसची विद्युत-झडप उघडते. ज्वाला विझल्यास ही झडप आपोआप मिटावी, अशी योजना असते. येथे विजेचा धक्का बसण्याची भीती नगण्य आहे. मात्र सेलच्या कप्प्यात ओल व गंज साचल्यास कळ आणि झडप यांच्या कामात बिघाड होऊ शकतो, आणि झडपेचे काम बिघडणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

तिसरा मार्ग घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्याचा. प्लग लावून चालणाऱ्या शेगड्या, गॅस भट्ट्या आणि धूर बाहेर फेकणारा पंखा असलेले गिझर या वर्गात मोडतात. या लेखात सांगितलेल्या विद्युत-चाचण्या प्रामुख्याने याच वर्गासाठी आहेत.

दोन धोके एकत्र येतात तेव्हा

वीज आणि गॅस यांचे धोके वेगवेगळे परिचित आहेत. ते एकत्र आल्यावर काय घडते, याचा विचार सहसा होत नाही.

सिलिंडरमधील द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि उतार मिळेल तिकडे वाहतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे १.८ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत असेल, तर ते मिश्रण पेट घेऊ शकते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तितक्याच उंचीचे स्वयंपाकघर घेतले, तर त्यातील सर्व हवा या खालच्या मर्यादेपर्यंत ज्वालाग्राही होण्यास सुमारे एक किलो गॅस पुरेसा होतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, हे ध्यानात घ्यावे. शिवाय गॅस तळाशी साचत असल्याने, याहून कितीतरी कमी गळतीनेही जमिनीलगतचा थर धोकादायक बनतो.

असे मिश्रण पेटण्यास मोठी ज्वाला लागत नाही. एका मिलिज्यूलच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी ऊर्जा त्यास पुरते. दिव्याचे बटण दाबताना किंवा शीतकपाटाची स्वयंचलित कळ चालू-बंद होताना पडणाऱ्या ठिणगीत याहून अधिक ऊर्जा असू शकते. गॅसचा वास आल्यावर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंदही करू नये, असे जे सांगितले जाते त्याचे कारण हे होय. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आणि खाली दुकान असलेल्या घरात जड वायू जिन्याने खाली उतरू शकतो. अशा वेळी गळती एका मजल्यावर आणि ठिणगी दुसऱ्या मजल्यावर, असा प्रकार संभवतो.

आता विजेकडे पाहू. शेगडीतील एखाद्या तारेचे वेष्टन उष्णतेने, तेलाने अथवा उंदराने कुरतडल्यामुळे निघाले आणि ती तार पत्र्याला टेकली, तर शेगडीच्या संपूर्ण धातूच्या अंगात वीज येते. शेगडी रबरी पायांवर उभी असते आणि गॅसची नळीही रबरी असते. त्यामुळे अर्थिंगची तार नसल्यास या विजेला जमिनीकडे जाण्यास वाट मिळत नाही. फ्यूज वितळत नाही, ठिणगी दिसत नाही, शेगडी नेहमीप्रमाणे पेटते. ओल्या हाताने पातेले उतरविणाऱ्या गृहिणीच्या शरीरातूनच ती वाट प्रथम पूर्ण होते. सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह माणसाला जाणवतो, दहाच्या आसपास प्रवाह गेल्यास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि तीसच्या पुढे जसजसा प्रवाह व वेळ वाढेल तसतसा हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. ओल्या शरीरातून २३० व्होल्टच्या दाबाने शंभराहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो.

प्रयोगशाळेतील चाचणी

नव्या उपकरणाची सुरक्षितता ठरविण्यासाठी मानके आहेत. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. १ एप्रिल १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. ‘आयएसआय’ हे चिन्ह त्या पहिल्या संस्थेच्या नावाची आठवण जपून आहे. गॅस शेगडीसाठी ४२४६ आणि लहान गॅस गिझरसाठी १५५५८ या क्रमांकांची भारतीय मानके आहेत. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठी ३०२ क्रमांकाची मानकमाला आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने तर आपल्या ६०३३५ या मालेत, विद्युत-जोडणी असलेल्या गॅस, तेल व घन इंधनाच्या उपकरणांसाठी स्वतंत्र भाग काढला आहे. ज्वाला गॅसची असली, तरी उपकरण विजेच्या कसोटीतूनही उतरले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे.

प्रयोगशाळेतील मुख्य कसोट्या तीन होत. उपकरणाच्या धातूच्या अंगापासून अर्थिंगच्या जोडबिंदूपर्यंतचा रोध एक दशांश ओहमपेक्षा अधिक नसावा. आणि हा रोध मोजताना निदान २५ अँपिअर प्रवाह सोडला जातो, जेणेकरून एकाच धाग्यावर लोंबणारी तार फसवून उत्तीर्ण होऊ नये. दुसरी कसोटी गळती प्रवाहाची. अर्थिंगची गरज असलेल्या आणि उचलून नेता येण्याजोग्या उपकरणात तो ०.७५ मिलिअँपिअरच्या आत असावा लागतो. तिसऱ्या कसोटीत तारेच्या मूळ वेष्टनावर एक मिनिटभर १,००० व्होल्टचा दाब देऊन ते टिकते की नाही हे पाहिले जाते.

या कसोट्या उपकरण नवे असतानाच्या आहेत. पाच वर्षे फोडणी, वाफ आणि साबणाचे पाणी सोसलेल्या शेगडीबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. म्हणून घरातील चाचणीचे महत्त्व स्वतंत्र आहे.

घरातील चाचणीचा क्रम

घरातील चाचणीचा पहिला नियम असा की, आधी गॅस आणि मग वीज. मापनाची साधने स्वतःच ठिणगी पाडू शकतात. म्हणून प्रथम खिडक्या-दारे उघडून रेग्युलेटर, नळी आणि सांधे यांवर साबणाचे पाणी लावून गळती नसल्याची खात्री करावी, त्यानंतर रेग्युलेटर बंद करावा आणि मगच विद्युत-चाचणीस हात घालावा.

त्यापुढील क्रम असा ठेवावा.

१. प्लग काढून नुसत्या डोळ्यांनी पाहणी करावी. चिरलेली वायर, काळवंडलेला प्लग, चिकटपट्टीने झाकलेला सांधा, कापून टाकलेली तिसरी पिन हे दोष कोणत्याही साधनाशिवाय दिसतात.

२. उपकरणाच्या अंगापासून प्लगच्या मोठ्या पिनेपर्यंत अर्थिंगची तार सलग आहे का, ते मोजावे.

३. मेगर या साधनाने ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन वेष्टनाचा रोध मोजावा. तो एक मेगओहमहून कमी भरल्यास उपकरण वापरातून काढावे. येथे एक दक्षता आवश्यक आहे. ठिणगी पाडणारे इलेक्ट्रॉनिक मंडल या दाबाने जळू शकते; यास्तव फेज व न्यूट्रल या दोन्ही पिना एकत्र जोडून, त्या आणि अर्थिंग यांच्यामध्येच दाब द्यावा.

४. भिंतीतील सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का, ते पाहावे. त्यांची अदलाबदल झाली असल्यास बटण बंद केल्यावरही उपकरणाच्या आतील भागात वीज राहते. ज्या उपकरणांत ज्वालेतून जाणारा मायक्रोअँपिअरइतका सूक्ष्म प्रवाह मोजून ज्वाला जळते आहे की नाही हे ठरविले जाते, ती उपकरणे अशा उलट्या जोडणीमुळे किंवा अर्थिंगच्या अभावी ज्वाला ओळखू न शकता वारंवार बंद पडतात. हा दोष उपकरणाचा समजून दुरुस्तीवर खर्च होतो. वस्तुतः तो भिंतीत असतो.

५. शेवटी रेग्युलेटर सुरू करून उपकरण चालवावे आणि चालू असताना वीज तोडून पाहावी. पंख्यावर अवलंबून असलेल्या गिझरमध्ये वीज जाताच गॅसही थांबला पाहिजे. वीजपुरवठा खंडित होण्याचे प्रसंग जेथे येतात, तेथे ही चाचणी विशेष आवश्यक ठरते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. या सर्व चाचण्यांतून उत्तीर्ण झालेला गिझर बंद न्हाणीघरात बसविला, तर तो सुरक्षित ठरत नाही. प्राणवायू अपुरा पडला की ज्वालेतून कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन व प्राणघातक वायू निर्माण होतो. खेळत्या हवेची जागा कोणतीही विद्युत-चाचणी घेऊ शकत नाही.

अर्थिंग : खरी कसोटी जमिनीत

उपकरण कितीही चांगले असले, तरी त्याची अर्थिंगची तार ज्या जमिनीपर्यंत जाते ती वाट चांगली नसेल, तर सर्व व्यर्थ होय. एक साधे गणित पाहावे. घराच्या अर्थिंगचा रोध पाच ओहम असेल, तर दोष निर्माण होताच २३० व्होल्टच्या दाबाने सुमारे ४६ अँपिअर प्रवाह वाहील आणि सहा अँपिअरचा फ्यूज तत्काळ वितळेल. हाच रोध पन्नास ओहम असेल, तर प्रवाह केवळ ४.६ अँपिअर होईल. फ्यूज वितळणार नाही, आणि शेगडीचे अंग जिवंत तारेसारखे तसेच राहील. म्हणजे तीन पिनांचा प्लग आहे, तारही जोडलेली आहे, आणि तरीही संरक्षण नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते व तिचा विद्युत-रोध वाढतो. संभाजीनगर शहर बेसाल्ट खडकावर वसलेले असल्याने, जेथे मातीचा थर पातळ आहे तेथे चांगले अर्थिंग मिळविणे कष्टाचे असते. मीठ व कोळसा घालून खड्ड्यात पट्टी पुरण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. परंतु त्या खड्ड्यात पाणी ओतण्याचे विस्मरण होते. यास्तव अर्थिंगची चाचणी पावसाळ्यात नव्हे, तर एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी. ऐन उन्हाळ्यात जे अर्थिंग उतरेल, ते वर्षभर उतरेल.

गुलमंडीसारख्या वस्तीत आणखी एक अडचण येते. अर्थिंग मोजण्याच्या रूढ पद्धतीत काही मीटर अंतरावर दोन सळया मोकळ्या जमिनीत ठोकाव्या लागतात. जेथे अंगण नाही आणि बोळही फरसबंद आहे, तेथे या सळया ठोकणार कोठे? अशा ठिकाणी सॉकेटमधूनच फेज व अर्थिंग यांच्या संपूर्ण वळशाचा रोध मोजणारे साधन उपयोगी पडते. वीज ठेकेदारास काम देताना हे साधन त्याच्याकडे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

अर्थिंग सुधारणे अशक्य असेल, तेथे आणि खरे तर सर्वत्र, तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे संरक्षक साधन बसविणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. वरील पन्नास ओहमच्या उदाहरणात फ्यूज स्वस्थ बसतो. हे साधन मात्र क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ते कार्यक्षम असल्याची खात्री करून घ्यावी. गॅसच्या नळीला अर्थिंग जोडण्याचा ‘सोपा’ मार्ग मात्र कोणीही अवलंबू नये.

दोन कारागिरांमधील फट

इतक्या साध्या चाचण्या घरोघरी का होत नाहीत, याचे उत्तर कामाच्या विभागणीत आहे. गॅस वितरकाकडून येणारा तंत्रज्ञ सिलिंडर, रेग्युलेटर, नळी आणि शेगडीच्या चाव्या पाहतो. भिंतीतील सॉकेट त्याच्या कक्षेत येत नाही. वायरमन फलक, तारा व अर्थिंग पाहतो; शेगडी ही त्याच्या दृष्टीने गॅसची वस्तू असते. दोघेही आपापले काम चोख करतात, आणि जेथे वीज गॅसला भेटते ती दोन फुटांची वायर कोणीच पाहत नाही.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा विनियमांन्वये भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. उपकरणाच्या दुरुस्तीपूर्वी अर्थिंगची सलगता, वेष्टनाचा रोध व फेज-न्यूट्रलची जागा पाहण्याची रीतही तेथील गॅस तंत्रज्ञांना शिकविली जाते. आपल्याकडे विजेच्या मांडणीसंबंधीचे नियम जुने आहेत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचा जोडबिंदू देण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकली होती. त्या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली. मीटरपलीकडील मांडणी निर्दोष राखणे मात्र प्रामुख्याने ग्राहकाच्याच हाती आहे.

ग्रामपंचायती व शाळा यांना काय करता येईल

हा प्रश्न शहरापुरता मर्यादित नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने ग्रामीण भागातील असंख्य घरांत गॅस पोहोचविला. अनेक शाळांत पोषण आहार गॅसवर शिजतो, आणि त्याच खोलीत मिक्सर किंवा पाण्याचा पंपही असतो. शेगडी साधी, काडीने पेटणारी असली, तरी तिच्याशेजारील दोषयुक्त सॉकेटची ठिणगी गळलेल्या गॅसला पुरेशी असते.

ग्रामपंचायतींनी व शाळा व्यवस्थापन समित्यांनी यासंबंधी चार गोष्टी कराव्यात. पहिली, शाळा, अंगणवाडी आणि समाजमंदिर येथील स्वयंपाकाच्या खोल्यांची वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्याच्या सुटीत, अनुज्ञप्तिधारक वीज ठेकेदाराकडून चाचणी करून घ्यावी. आणि त्याच दिवशी गॅस वितरकाच्या तंत्रज्ञासही बोलवावे, म्हणजे दोघांमधील फट राहणार नाही. दुसरी, अर्थिंगचा रोध, वेष्टनाचा रोध आणि तपासणीचा दिनांक यांची नोंदवही ठेवावी. ‘ठीक आहे’ असा शेरा पुरेसा नाही. आकडा लिहून घ्यावा, कारण यंदाचा आकडा गतवर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिला तरच बिघाड वेळीच कळतो. तिसरी, स्वयंपाकी व मदतनीस यांना गॅसचा वास आल्यास काय करावे, याचा प्रत्यक्ष सराव द्यावा. कोणत्याही बटणास हात न लावता रेग्युलेटर बंद करणे, दारे-खिडक्या उघडणे, सर्वांना बाहेर काढणे आणि बाहेर गेल्यावर १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळविणे, हा तो क्रम होय. चौथी, विजेचा अपघात घडल्यास तो दडवू नये. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ अन्वये अशा अपघाताची सूचना व चौकशी यांची तरतूद आहे. विद्युत निरीक्षकाच्या चौकशीतून निघणारे कारण पुढील अपघात टाळण्यास उपयोगी पडते.

शिक्षकांनाही यात मोलाचा वाटा उचलता येईल. ओहमचा नियम माध्यमिक शाळेत शिकविला जातोच. पाच ओहम आणि पन्नास ओहम यांचे वर दिलेले गणित वर्गात फळ्यावर मांडले आणि विद्यार्थ्यांना घरातील प्लगच्या पिना केवळ मोजून यावयास सांगितले, तर विज्ञानाचा तो तास घरोघरी पोहोचेल. मुलांनी सॉकेटला हात मात्र लावू नये, ही ताकीद द्यावी.

एका घरातील अर्थिंग दुरुस्त करण्यास येणारा खर्च हा एखाद्या सणाच्या खरेदीहून फारसा अधिक नसतो. तो टाळण्याकडे कल होतो, कारण अर्थिंग जमिनीत असते आणि दिसत नाही. जे दिसत नाही ते मोजून पाहावयाचे असते, आणि एका तंत्रज्ञाच्या अर्ध्या दिवसाच्या कामाने ते मोजता येते. येत्या १ मेच्या ग्रामसभेपुढे शाळेच्या स्वयंपाकघराच्या अर्थिंगचा आकडा वाचून दाखविला गेला, तर त्या गावाने या कामाचा योग्य प्रारंभ केला, असे म्हणता येईल.